दोनदा फॉरमॅट करूनही व्हायरस परत येतोय – विंडोज ७ चा जुना पीसी, आईचं काम अडलंय

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून इथे बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

पीसी आईचा आहे, २०१० साली घेतलेला. पेंटियम ड्युअल कोअर, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क (सी, डी, ई असे तीन भाग), विंडोज ७, ३२ बिट. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीत असताना आणि नंतरही तिने आमच्या भागातल्या गावांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसून वहीत उतरवल्या आणि मग स्वतः पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये टाइप केल्या. साधारण चौदाशे ओव्या आहेत. त्यातल्या कितीतरी सांगणाऱ्या आता हयात नाहीत. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्यासाठी पीसीला लावायची छोटी किल्ली) याच मशीनला आहे आणि आईची बोटं टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेली आहेत (तीस शब्दांची सरकारी परीक्षा दिलेली आहे तिने). त्यामुळे "नवा लॅपटॉप घ्या" हा सल्ला कृपया लगेच देऊ नका, तो विचार करून झालाय.

आता त्रास काय होतोय ते:
टास्क मॅनेजर उघडत नाही, "ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केला आहे" असा संदेश येतो. ॲडमिनिस्ट्रेटर आईच आहे.
अँटिव्हायरस टाकला की दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो.
लपलेल्या फायली दाखवा असं सेटिंग केलं की परत "दाखवू नका"वर जातं.
सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी जुजबी गोष्टींवर चालवायची सोय) जायला गेलं की निळा स्क्रीन.
बऱ्याच साइट उघडत नाहीत, प्रमाणपत्राची चूक दाखवतात.

गावातल्या दुकानदाराने दोनदा फॉरमॅट करून दिला. पहिल्यांदा चार दिवस चांगला चालला, दुसऱ्यांदा त्याच संध्याकाळी सगळं परत. आता तो म्हणतो हार्ड डिस्कच खराब आहे, बदला. आई घाबरलीय की ओव्या जातील. ई ड्राइव्हवर पेजमेकरच्या फायली आहेत, उघडतात अजून. बॅकअप म्हणाल तर एक पेनड्राइव्ह आहे, पण तो याच पीसीला लागलेला आहे. काय करू?

---

पहिली_लोकल | शुक्रवार, रात्री ११:०५

ताई, विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. त्यानंतर कितीही साफ केलं तरी छिद्रं उघडीच राहणार. मी तर डेटा काढून सरळ लिनक्स टाकेन.

---

खिळेजुळारी | शुक्रवार, रात्री ११:३१

लोकलभाऊ, लिनक्सवर पेजमेकर आणि श्रीलिपीचं डोंगल कोण चालवून देणार? तीस वर्षं डीटीपी (संगणकावर छपाईची पानं मांडणं) करतोय. आजही माझ्याकडे एक विंडोज एक्सपीचं मशीन आहे, केवळ जुन्या पुस्तकांच्या फायली उघडण्यासाठी. जिल्ह्याच्या गावांमधल्या छापखान्यांतून बघा, अशी मशीन हमखास दिसतील. हे हौसेखातर नाही. त्या काळचे फॉण्ट युनिकोड (सगळीकडे चालणारी प्रमाण अक्षरपद्धत) नाहीत. अक्षर "क" दिसतं, पण आत इंग्रजी कळीचा क्रमांक असतो. फॉण्ट आणि प्रोग्राम गेले की चौदाशे ओव्यांच्या जागी कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांचा ढीग उरतो.

कृष्णाकाठ, आईंना माझा नमस्कार सांगा. आणि पहिली गोष्ट, आत्ताच्या आत्ता मशीन बंद करा. फायली उघडतायत तोवर त्या सुरक्षित आहेत.

---

रात्रपाळी | शनिवार, पहाटे २:१०

कामावरून लिहितोय. सर्व्हर सांभाळतो, असली मशीन गावी गेलो की नातेवाइकांकडे हमखास हातात येतात.

तुमचं लक्षणांचं वर्णन इतकं नेमकं आहे की अंदाज बांधता येतो, पण आधी तीन गोष्टी सांगा.

१. दुकानदाराने फॉरमॅट केलं म्हणजे फक्त सी ना? डी आणि ई तसेच ठेवले?
२. डी ड्राइव्हवर "सॉफ्टवेअर" किंवा "सेटअप" नावाचं फोल्डर आहे का, ज्यातून फॉरमॅटनंतर सगळं परत इन्स्टॉल करतात?
३. नेटची वायर काढून मशीन एकदाच सुरू करा. नोटपॅडमध्ये विंडोज फोल्डरमधली सिस्टिम डॉट आयएनआय ही फाइल उघडा, काही बदलू नका. शेवटाकडे चौकटी कंसात एमसीआयडीआरव्ही अंडरस्कोर व्हीईआर असं काही लिहिलंय का?

आणि या मशीनवरून कधी नेट बँकिंग केलं असेल तर पासवर्ड आजच बदला. मोबाइलवरून बदला, या पीसीवरून नको.

---

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ९:२०

१. हो, फक्त सी. डेटा जाऊ नये म्हणून आम्हीच तसं सांगितलं होतं.
२. हो. "ऑल सेटअप" नावाचं फोल्डर. प्रिंटर, पेजमेकर, व्हिडिओ प्लेयर, झिप, सगळं त्यात आहे. दुकानदाराने दोन्ही वेळा त्यातूनच टाकलं.
३. आहे. तुम्ही लिहिलंय तसंच, आणि त्याच्या खालच्या ओळीत डिव्हाइसएमबी बरोबर आणि एक मोठा आकडा.

पेन्शनचं खातं आई याच पीसीवर बघायची. पासवर्ड बदलला, बँकेत फोनही केला. व्यवहार सगळे ठीक आहेत.

---

रात्रपाळी | शनिवार, सकाळी १०:०२

मग हा सॅलिटी आहे. आता झोपायच्या आधी नीट लिहितो, कारण हा कसा वागतो ते कळल्याशिवाय निघत नाही.

सॅलिटी २००३ पासून फिरतोय आणि हा शब्दशः व्हायरस आहे. हल्ली आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो, पण बहुतेक मालवेअर म्हणजे एखादी वेगळी फाइल असते. ती सापडली, उडवली, संपलं. सॅलिटी तसा नाही. तो दुसऱ्या चांगल्या प्रोग्रामच्या फाइलला चिकटतो. ईएक्सई (प्रोग्राम) आणि एससीआर (स्क्रीनसेव्हर) या दोन प्रकारच्या फायली शोधतो, त्यांच्या शेवटी स्वतःचा कोड जोडतो आणि सुरुवात अशी वळवतो की आधी तो चालेल, मग मूळ प्रोग्राम. तुमचा प्रिंटरचा सेटअप व्यवस्थित चालतो, म्हणून संशय येत नाही. मशीनवर असे हजारो प्रोग्राम असतात.

चालू झाला की तो आपल्या सोयीची व्यवस्था लावतो. टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) एडिटर बंद. अँटिव्हायरस बंद. सेफ मोडला लागणाऱ्या रजिस्ट्रीच्या नोंदी पुसून टाकतो, म्हणून तुम्हाला निळा स्क्रीन येतो, हार्ड डिस्कचा त्यात काही संबंध नाही. पेनड्राइव्ह लागला की त्यात लपलेली ऑटोरन डॉट आयएनएफ (लावल्यावर काय चालवायचं ते सांगणारी फाइल) आणि एक भलत्याच नावाची फाइल ठेवतो. शिवाय इतर बाधित मशीनशी परस्पर बोलून आणखी घाण उतरवून घेतो. बँकेचा पासवर्ड बदलायला सांगितलं ते यासाठी.

म्हणजे तुमच्या घरी काय झालं, तर सी फॉरमॅट झाला, स्वच्छ विंडोज आलं आणि लगेच डीवरच्या "ऑल सेटअप"मधून तोच व्हायरस हाताने परत चढवला गेला.

चांगली बातमी ही की सॅलिटी पेजमेकरच्या पीएमडी फायलींना, वर्डच्या फायलींना, फोटोंना, फॉण्टच्या टीटीएफ फायलींना चिकटत नाही. ओव्या शाबूत आहेत.

---

नवखा_बार्शी | शनिवार, सकाळी १०:४०

माझ्याकडे पण सेम झालं होतं. दोन अँटिव्हायरस एकत्र टाका, एक सुटला तर दुसरा पकडतो.

---

रात्रपाळी | शनिवार, सकाळी १०:४८

नको. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या कामात आडवे येतात, २ जीबी रॅममध्ये मशीन जागचं हलणार नाही. आणि इथे मूळ अडचण वेगळी आहे. व्हायरस आधी जागा होतो आणि अँटिव्हायरस नंतर.

---

सव्वापाच_इंची | शनिवार, दुपारी १:१५

रात्रपाळी यांचं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. मी १९८९ पासून पुण्यात हार्डवेअरच्या धंद्यात होतो, आता निवृत्त आहे.

तेव्हा हार्ड डिस्क बऱ्याच मशीनना नसायचीच. फ्लॉपी घालून सुरू करायचं. आमच्या खिशात एक फ्लॉपी कायम असायची, सव्वापाच इंची, उजव्या कडेच्या खाचेवर काळी चिकटपट्टी लावलेली. ती पट्टी लावली की ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर लिहूच शकत नाही. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये ब्रेन असो की आणखी काही (ब्रेन हा १९८६ सालचा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला), नियम एकच होता. मशीन पूर्ण बंद करायचं, आपली पट्टीवाली फ्लॉपी घालायची आणि तिच्यावरून सुरू करून मगच तपासायचं. नुसतं रीस्टार्ट करायचं नाही, प्लग काढायचा. आजारी मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरून सुरू करून त्यालाच साफ करायला गेलेली पोरं दिवस दिवस घालवायची.

पुण्यात तेव्हा दुरुस्तीला येणाऱ्या दर दुसऱ्या मशीनमध्ये व्हायरस असायचा. काटकर बंधूंचंही तसंच. थोरल्या भावाचं दुरुस्तीचं दुकान, धाकटा त्या व्हायरसवर प्रोग्राम लिहायचा. त्यातून पुढे क्विक हील उभं राहिलं.

कृष्णाकाठ, तुमच्या २०१० च्या पीसीला डीव्हीडी ड्राइव्ह असणार. तीच तुमची पट्टीवाली फ्लॉपी. पेनड्राइव्हवर औषध घालून नेऊ नका, या व्हायरसच्या मशीनला लागल्याबरोबर औषधाची ईएक्सईच बाधित होईल. एकदा जाळलेल्या (म्हणजे लेसरने लिहिलेल्या) डीव्हीडीवर मात्र त्याला काही लिहिता येत नाही.

---

खिळेजुळारी | शनिवार, दुपारी १:४०

काका, खाचेवरची पट्टी! आमच्या छापखान्यात ती संपली की सेलोटेपवर काळी शाई लावायचो. पारदर्शक पट्टी काही ड्राइव्हना दिसायची नाही.

---

रात्रपाळी | शनिवार, संध्याकाळी ६:३०

काकांनी मुद्दाच सांगितला. आता कृती.

दुसरं स्वच्छ मशीन हवं. त्यावर कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या रेस्क्यू डिस्कची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) त्यांच्याच साइटवरून उतरवा, फुकट आहे. ही म्हणजे स्वतःचं लिनक्स घेऊन येणारी डिस्क, तुमच्या विंडोजला हातही लावत नाही. तुमचं विंडोज ३२ बिट असलं तरी प्रोसेसर ६४ बिट आहे, त्यामुळे चालेल. कोऱ्या डीव्हीडीवर कमी वेगाने, ४ एक्सने जाळा. जुने ड्राइव्ह भरभर जाळलेल्या डिस्क वाचताना अडखळतात. नुसती कॉपी-पेस्ट करू नका. फाइलवर राइट क्लिक केलं की "डिस्क इमेज जाळा" असा पर्याय विंडोजमध्येच मिळतो.

मग आईंच्या मशीनमध्ये घाला, सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा (मदरबोर्डनुसार एफ८, एफ११ किंवा एफ१२), डीव्हीडी निवडा. डिस्क चालू झाली की व्हायरसच्या याद्या ताज्या करायला नेट द्या. या वेळी नेट दिलं तरी हरकत नाही, विंडोज झोपलेलं असतं. सी, डी, ई आणि पेनड्राइव्ह, चारही तपासायला लावा.

ते झालं की तिथूनच, विंडोज सुरू न करता, ई वरचा डेटा नव्या कोऱ्या पेनड्राइव्हवर काढा. फक्त पीएमडी, वर्ड, चित्रं आणि फॉण्ट. एकही ईएक्सई नको. तपासणी "निर्जंतुक केली" म्हणाली तरी नको. सॅलिटी काढल्यावर मूळ प्रोग्राम नेहमीच धड राहतो असं नाही, आणि एक सुटली तर सगळं पाण्यात.

आणखी एक. तुमच्या मशीनचं घड्याळ बरोबर आहे का? प्रमाणपत्राची चूक सगळ्याच साइटवर येत असेल तर बघा, तारीख चुकली की प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ११:५०

दिवसभर हेच केलं, क्रमाने सांगते.

घड्याळ. मशीन सुरू केलं की तारीख १ जानेवारी २००९ दाखवतं. आई रोज हाताने बदलायची आणि कुणाला बोलली नाही, तिला वाटायचं जुनं झालंय म्हणून असेल. भावाने झाकण उघडून मदरबोर्डवरचा बटन सेल बदलला, सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात मिळाला. आतली धूळ मऊ ब्रशने काढली.

भावाकडे बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर आहे, त्याच्या लॅपटॉपवर डिस्क जाळली. पहिली वाचलीच गेली नाही. दुसरी ४ एक्सने जाळली, ती चालली. तुम्ही सांगितलं होतं तरी पहिल्या वेळी भावाने वेग तसाच ठेवला होता.

तपासणी नऊ तास चालली. दोन हजार तीनशेच्या वर फायली निघाल्या आणि जवळजवळ सगळ्यांपुढे सॅलिटी हेच नाव. "ऑल सेटअप"मधली एकही फाइल सुटली नव्हती. पेनड्राइव्हच्या मुळाशी, विंडोजमध्ये कधीच न दिसलेल्या दोन फायली दिसल्या. एक ऑटोरन डॉट आयएनएफ आणि दुसरी काहीतरी पाच अक्षरांची, शेवट पीआयएफ. त्या लिनक्सच्या पडद्यावर इतक्या साध्या दिसत होत्या, बाकीच्या फायलींसारख्याच. आई बाजूला खुर्ची घेऊन बसली होती. म्हणाली, "ह्या दोन एवढ्याशा?"

ओव्यांच्या सगळ्या पीएमडी फायली नव्या पेनड्राइव्हवर घेतल्या, फॉण्टसकट. भावाच्या लॅपटॉपवर तपासल्या, काही सापडलं नाही. आणखी एक प्रत त्याच्याकडे ठेवली. आई आज बऱ्याच दिवसांनी वेळेवर झोपलीय.

---

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ३:०५

उत्तम काम केलंत. आता कसलीही दया न दाखवता सी, डी, ई तिन्ही भाग पुसून टाका. विंडोजची मूळ डीव्हीडी असेल तर तीच वापरा, परवान्याचा क्रमांक कॅबिनेटवरच्या स्टिकरवर असेल. कुणी "ॲक्टिव्हेट करून देतो" म्हणालं तर नको, ते छोटे प्रोग्राम हाच पुष्कळदा रोगाचा रस्ता असतो.

घड्याळाचं आणि व्हायरसचं वेगळं करून ठेवा. फक्त अँटिव्हायरसवाल्यांच्या साइट बंद असतील तर तो व्हायरस. सगळ्याच साइट प्रमाणपत्रावरून अडत असतील तर आधी तारीख बघायची.

---

निळीशाई | सोमवार, सकाळी ११:१२

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ मध्ये सुरू झालं. तिथेही अशी साफसफाईची साधनं मोफत मिळतात. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:१५

परत आला.

सगळे भाग पुसले, मूळ डीव्हीडीवरून विंडोज टाकलं, नेटची वायर लावलीच नाही, पेनड्राइव्हही लावला नाही. डोंगलचा ड्रायव्हर टाकला, श्रीलिपी टाकली, पेजमेकर टाकला, प्रिंटर टाकला. तासाभरात टास्क मॅनेजर बंद. सिस्टिम डॉट आयएनआयमध्ये त्याच दोन ओळी.

आईसमोर काही बोलले नाही. डेटा सुरक्षित आहे हे माहीत आहे, तरी हात थरथरत होते. आता खरंच हार्ड डिस्क बदलायची का?

---

पहिली_लोकल | मंगळवार, रात्री ९:२२

बायोसमध्ये (मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) तर बसला नसेल?

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:४०

नाही, सॅलिटी बायोसमध्ये बसत नाही आणि पुसलेल्या डिस्कमधून उठत नाही. कृष्णाकाठ, घाबरू नका, उलट आता शोध सोपा झालाय. नेट नव्हतं, पेनड्राइव्ह नव्हता, डिस्क कोरी होती. म्हणजे तो तुम्ही त्या तासाभरात आत घातलेल्या कशातून तरी आला. काय काय घातलंत ते एकेक करून सांगा, डिस्कवर लेबल काय आहे तेही.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:०४

चार सीडी.
विंडोजची मूळ डीव्हीडी, कंपनीची छापील.
श्रीलिपीची सीडी, कंपनीची छापील. डोंगलचा ड्रायव्हर तिच्यातच आहे.
प्रिंटरची सीडी, खोक्यात आलेली, छापील.
पेजमेकरची मूळ सीडी चरे पडून वाचत नाही, म्हणून आईने घरी करून ठेवलेली सीडी वापरली. वर मार्करने तिच्या अक्षरात "सर्व सेटअप २०१३" लिहिलंय.

लिहिता लिहिता माझ्याही लक्षात आलं.

---

सव्वापाच_इंची | मंगळवार, रात्री १०:११

हीच ती. २०१३ साली तुमच्या डी ड्राइव्हवर व्हायरस आलेला होता. सीडी जाळताना तोही आत गेला आणि बारा वर्षं जसाच्या तसा बसून राहिला. जाळलेल्या सीडीवर काही लिहिता येत नाही, तसंच तिच्यातलं काही पुसताही येत नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:१६

काकांशी सहमत. खात्री करायला ती सीडी भावाच्या लॅपटॉपला लावा, आतली एकही फाइल उघडू नका, नुसतं ड्राइव्हवर राइट क्लिक करून विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर अँटिव्हायरसने तपासा.

---

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ८:३०

तपासली. एकवीस ईएक्सई, एकवीसही बाधित. पेजमेकरचा सेटअप त्यातच.

म्हणजे हा २०१३ च्या आधीपासून घरात आहे. आईला आठवलं, त्या वर्षी महिला मंडळाच्या स्मरणिकेचं काम होतं, रोज एका छपाईच्या दुकानात पेनड्राइव्ह नेणं-आणणं चालायचं.

आता पेजमेकर कुठून आणू? मूळ सीडी समोर आहे, पावतीही आहे, पण बाहेरच्या कडेला चरे आहेत.

---

खिळेजुळारी | बुधवार, सकाळी ९:०५

ती टाकू नका. कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण, बोटाने हलकेच धुवा. मऊ सुती कापडाने पुसा, पण मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका, तिथे पडलेला चरा डेटाच्या रेषेबरोबर पळतो आणि ड्राइव्हला तो ओलांडता येत नाही. मग दोन-तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न वाचलेली सीडी दुसरा वाचतो, हे मी शंभरदा पाहिलंय. वाचली की लॅपटॉपवर संपूर्ण प्रत काढा, तपासा आणि नव्या सीडीवर जाळा.

नाहीच जमलं तर कळवा. तुमच्याकडे परवाना आहे, काहीतरी मार्ग काढू.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री १०:२०

भावाच्या बाहेरच्या ड्राइव्हने वाचली! ९७ टक्क्यांवर वीस मिनिटं अडकली होती, मग पुढे सरकली. प्रत तपासली, स्वच्छ आहे. नव्या सीडीवर जाळली.

आज पुन्हा सगळे भाग पुसून पहिल्यापासून केलं. दर टप्प्यानंतर सिस्टिम डॉट आयएनआय उघडून बघत होते. विंडोज, नाही. श्रीलिपी, नाही. पेजमेकर, नाही. प्रिंटर, नाही. टास्क मॅनेजर उघडतोय. सेफ मोडही चालतोय.

भावाने एक अँटिव्हायरस टाकून बघितला, तो "स्वाक्षरी पडताळता येत नाही" म्हणून बसलाच नाही. हे काय?

---

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे १:३०

ते व्हायरसचं नाही. मूळ डीव्हीडीवरचं विंडोज ७ जुन्या पद्धतीची डिजिटल सही ओळखतं, आणि हल्लीचे प्रोग्राम शा-२ पद्धतीने सही केलेले असतात. आधी सर्व्हिस पॅक १ (विंडोजच्या सुधारणांचा संच), मग केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ ही दोन अपडेट लागतात. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून लॅपटॉपवर उतरवा, सीडीवर जाळून टाका.

पण माझं मत विचाराल तर या मशीनला नेट देऊच नका. वायर काढून ठेवा. पेन्शन, मेल, बातम्या मोबाइलवर. हा पीसी फक्त पेजमेकरसाठी. नेट नाही, अनोळखी पेनड्राइव्ह नाही, मग सपोर्ट संपलेलं विंडोजही वर्षानुवर्षं निवांत चालतं. छपाईला फाइल द्यायची तर पीडीएफ करून स्वतंत्र पेनड्राइव्हवर द्या, आणि तो दुकानातून परत आला की आधी लॅपटॉपवर पुसायचा, आईंच्या मशीनला तसाच लावायचा नाही.

---

खिळेजुळारी | शुक्रवार, सकाळी ८:५०

आणि माझी विनंती. आईंचं लिहून होईल तेव्हा होईल, पण दर महिन्याला पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये बदलून ठेवा. श्रीलिपीवरून युनिकोड करणारी साधनं आहेत. रफार आणि अर्धा र कधी कधी चुकीच्या जागी पडतो, ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते, म्हणून एकदा नजरेखालून घालावं लागतं. ओव्यांच्या भाषेत तर शब्दकोशात नसलेले शब्द असणार, ते आईंनाच तपासू देत. हे मशीन कधीतरी कायमचं बंद पडेल, डोंगल पण जाईल. युनिकोडमधली ओवी कुठल्याही फोनवर उघडेल.

---

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी ४:१०

तीन दिवस झाले, मशीन स्वच्छ आहे. नेटची वायर भावाने गुंडाळून कपाटात ठेवलीय.

घरातले सगळे पेनड्राइव्ह लॅपटॉपवर तपासले. सहापैकी चारमध्ये तीच जोडी सापडली, ऑटोरन आणि पीआयएफ. शेजारच्या काकूंना आणि आईच्या जुन्या शाळेला फोन करून सांगितलं, त्यांच्याकडे इथून फायली गेल्या होत्या. शाळेतल्या सरांनी त्यांच्या तिन्ही पीसीवर सिस्टिम डॉट आयएनआय बघितली, एकावर आहे. रेस्क्यू डिस्कची डीव्हीडी उद्या त्यांना नेऊन देणार आहे.

"सर्व सेटअप २०१३" ही सीडी आईने स्वतः कात्रीने चार तुकडे करून कचऱ्यात टाकली.

खिळेजुळारी काका, पहिल्या पन्नास ओव्या युनिकोडमध्ये केल्या. तुम्ही म्हणालात तसंच झालं, "सूर्य" आणि "पर्वत" दोन्हीकडे रफार घसरला होता. आई चष्मा लावून माझ्या फोनवर एकेक ओळ तपासतेय. मध्येच थांबून सांगते, ही अमक्या गावच्या अमकीने दिली होती, हिचा आवाज असा होता. मी ते पण टिपून घेतेय, प्रत्येक ओवीच्या खाली.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ती आतून हाक मारतेय, एक्कावन्नावी ओवी काढायची आहे.